नंबर वाढवला म्हणून फोटो धारदार होत नाही

मॅक्रो फोटोग्राफीची गोडी लागली की बहुतेकांची पहिली खरेदी ठरलेली असते: +१, +२, +४ आणि +१० अशा चार भिंगांचा क्लोज-अप फिल्टरचा सेट. नव्या माणसाला मी कळकळीने सांगतो, तो सेट घेऊ नका. थोडं थांबा, पैसे साठवा आणि दोन काचा जोडून केलेलं एकच भिंग घ्या. भिंगावरचा नंबर चष्म्यासारखाच डायऑप्टरमध्ये असतो, आणि तो फक्त अंतर सांगतो. लेन्स अनंतावर फोकस केली असेल तर +२ चं भिंग लावून विषय अर्ध्या मीटरवर स्पष्ट दिसतो, +१० लावून दहा सेंटिमीटरवर. फोटो किती स्वच्छ येईल, याबद्दल तो नंबर काहीच बोलत नाही.

स्वच्छपणा ठरतो भिंगाच्या घडणीवर. एकाच काचेचं भिंग निळा प्रकाश जरा अलीकडे आणि लाल जरा पलीकडे एकवटतं. पावसाळ्यात सड्यांवर उगवणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचा फोटो घेतला की हे लगेच उघडं पडतं. तिच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो आणि थेंबात आभाळाचा पांढरा ठिपका चमकतो. साध्या भिंगातून त्या ठिपक्याभोवती जांभळी झालर येते, फोकसच्या मागचे थेंब हिरवट दिसतात आणि केसांच्या कडा दुधाळ होतात. दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडून हा दोष बराचसा मारता येतो, हे जुनं ज्ञान आहे. जॉन डॉलंडने १७५८ मध्ये अशा जोडभिंगाचं पेटंट घेतलं होतं. कॅननच्या ५००डी आणि २५०डी या भिंगांत हीच रचना आहे. (५००डी नावाचा कॅमेराही होता, मागवताना गल्लत करू नका.) यातला आकडा मिलिमीटरमधलं नाभीय अंतर असतो, म्हणजे ५००डी +२ चं आणि २५०डी +४ चं.

आता साधा भागाकार करू. लेन्स अनंतावर असताना तिच्या नाभीय अंतराला भिंगाच्या नाभीय अंतराने भागलं की मोठेपणा मिळतो. ५५ मिमीवर +१० लावलं तर ०.५५ पट, आणि २५० मिमीवर +२ लावलं तर ०.५ पट. मोठेपणा जवळजवळ सारखाच, पण पहिल्यात फुलपाखरापासून दहा सेंटिमीटरवर जावं लागतं, आपलीच सावली त्याच्यावर पडते आणि ते उडून जातं. दुसऱ्यात अर्धा मीटर मोकळा मिळतो. म्हणून कमी नंबर आणि लांब टेली ही जोडी मला योग्य वाटते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: टेली जितकी लांब, तितका एकेरी काचेचा रंगदोष जास्त फुगतो. त्यामुळे या जोडीत जोडभिंगच लागतं, तिथे काटकसर चालत नाही.

‘एफ/११ वर नेलं की साधं भिंगही चालतं’, असं म्हणतात. ते अर्धं खरं आहे. अ‍ॅपर्चर लहान केल्याने मधला भाग सुधारतो, पण कोपऱ्यांतली रंगांची फाकलेली कड तशीच राहते; आणि एफ/२२ पर्यंत गेलात तर विवर्तनामुळे सगळंच मऊ पडतं. ‘जांभळं काय, एडिटिंगमध्ये काढता येतं’, हाही युक्तिवाद ऐकू येतो. कोपऱ्यांतली कड सॉफ्टवेअर खरंच चांगली सुधारतं. पण फोकसच्या पुढेमागे पसरलेला रंग पुसला, तरी त्याखालचा गमावलेला बारकावा परत येत नाही; तिथे करडा धूसरपणा उरतो. मग थेट मॅक्रो लेन्सच का नको? बजेट असेल तर जरूर घ्या, ती याहून सरसच आहे. पण हातात आधीच टेली झूम असेल, तर चांगलं जोडभिंग खिशात मावतं आणि एक्स्टेन्शन ट्यूबसारखा प्रकाशही खात नाही.

खरेदी करताना सगळ्यांत मोठ्या व्यासाच्या लेन्सला बसेल असं भिंग घ्या. लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग स्वस्तात मिळते. दोन भिंगं एकावर एक लावायचीच असतील तर जास्त नंबरचं लेन्सच्या बाजूला ठेवा. आणि पैसे देण्याआधी दुकानातच वर्तमानपत्राचं पान सपाट पसरा, झूम पूर्ण लांब करा, एफ/८ वर फोटो घ्या आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. काळ्या अक्षराच्या एका बाजूला जांभळं आणि दुसऱ्या बाजूला हिरवं दिसलं, तर भिंग परत द्या.