दगड आधी ऐकावा, मग घडवावा



उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाच्या गावाला गेले होते. तिथे मावशीचे लग्न होते. पण बाईंनी सांगितले होते, "सुट्टीत काय खाल्लं ते लिहू नका, काय शिकलात ते लिहा." मी दगड घडवणे कसे असते ते पाहून आले. म्हणून हा लेख दगडाचा आहे.

१. प्रवास

आमचे गाव पैठण तालुक्यात आहे. मामाचे गाव वेरूळच्या पुढे. आम्ही एस.टी.ने गेलो. पैठण ते छत्रपती संभाजीनगर सुमारे ५० किलोमीटर आणि तिथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. त्या नगरचे नाव आता अहिल्यानगर आहे.

तिकिटाचा हिशेब मजेचा झाला. २०२३ सालापासून बायकांना अर्धे तिकीट आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धे. माझा भाऊ ४ वर्षांचा, त्याचे काहीच नाही. म्हणून आईचे अर्धे आणि माझे अर्धे, दोन्ही मिळून एकाच माणसाचे पैसे झाले!

खिडकीतून मी किलोमीटरचे दगड पाहत होते. डोके पिवळे असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. डोके हिरवे असेल तर राज्य महामार्ग. हे 'दगड' आता बरेचसे सिमेंटचे असतात.

पुढे दौलताबादचा किल्ला दिसला. याचे जुने नाव देवगिरी. ही यादवांची राजधानी होती. या डोंगराच्या कडा तासून भिंतीसारख्या सरळ केल्या आहेत, म्हणजे शत्रूला वर चढता येऊ नये. आई म्हणाली, "हे सगळं टाकी-हातोड्याचं काम." तेव्हापासून माझ्या डोक्यात दगडच बसला.

२. आपला काळा दगड

आपल्याकडच्या काळ्या दगडाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा वर आला. तो पसरला आणि निवला. त्यावर परत दुसरा आला. असे थरावर थर बसले. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात.

काही दगडांना भोके असतात. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते, ती त्यांची जागा. काही भोकांत नंतर पांढरे खडे तयार झाले. असा दगड बांधाला चालतो, पण जात्याला चालत नाही. जात्याला घट्ट दगड लागतो.

३. मामाचा छंद

मामा दिवसा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. संध्याकाळी अंगणात बसून दगड घडवतो. त्याने दिवा, छोटा नंदी, खलबत्ता आणि एक घुबड केले आहे. घुबड मला फार आवडले.

त्याची हत्यारे अशी आहेत. टाकी म्हणजे टोकदार पोलादी सळई, तिने दगड टोचतात. छिन्नीला चपटी धार असते, तिने कड सरळ करतात. हातोडा सर्वांना माहीत आहे. काटकोन पाहायला गुण्या लागतो. टाकी बोथट झाली की ती भट्टीत तापवून ठोकतात आणि तिला पाणी पाजतात. पाणी पाजणे म्हणजे तापलेले टोक पाण्यात बुडवून कडक करणे.

४. दगड कसा ऐकायचा

आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पाथरवट होते. ते म्हणतात, "दगड बोलतो. आपून गप बसायचं." त्यांनी मला दोन दगड वाजवायला दिले. एक टणटण वाजला. दुसरा भद्द वाजला. दिसायला दोन्ही सारखेच. पण भद्द वाजलेल्या दगडात आत चीर होती. असा दगड घडवायला घेतला तर शेवटच्या घावालासुद्धा फुटू शकतो. मग आठ दिवसांची मेहनत वाया जाते. म्हणून पहिला घाव घालायच्या आधी दगड ऐकायचा.

५. धुळीपासून सावध

आजोबा आता दगड घडवत नाहीत. तरुणपणी ते बरीच वर्षे खडी फोडायच्या मशीनवर कामाला होते. तिथे दिवसभर धूळ उडायची. तेव्हा तोंडाला फक्त उपरणे बांधायचे. आता चार पावले चालले तरी त्यांना दम लागतो. डॉक्टरांनी सांगितले की धूळ छातीत बसली आहे, ती आता निघत नाही.

दगडाची डोळ्यांना दिसते ती धूळ जाड असते. खरी वाईट धूळ दिसत नाही, इतकी ती बारीक असते. ती कापडातून आत जाते. म्हणून मामा दगड ओला करून घडवतो, धुळीचा मास्क लावतो आणि डोळ्यांना चष्मा लावतो. ज्यांच्या घरी कोणी खडीच्या किंवा दगडाच्या कामावर जाते, त्यांनी हे घरी जरूर सांगावे.

६. जात्याला टाकी लावणे

आता मुख्य गोष्ट. लग्नात जात्याला मान असतो. त्याला हळकुंड-सुपारी बांधतात आणि बायका त्यावर हळद दळतात. आजीचे जाते तिच्या स्वतःच्या लग्नातले आहे. पण ते गुळगुळीत झाले होते. दाणे आत घातले तर तसेच घसरून बाहेर यायचे. पूर्वी "जात्याला टाकीऽऽ" असे ओरडत माणसे गावात यायची. आता पिठाच्या गिरण्या आल्या आणि ती माणसे येईनाशी झाली. लग्नाला पाच दिवस राहिले होते.

आई म्हणाली, "शेजारचं जातं आणू." आजी म्हणाली, "दुसऱ्याचं नको." मामाला नंदी करता येतो, पण जात्याला टाकी त्याने कधी लावली नव्हती. घाव चुकला तर जाते फुटणार. आजोबांना येते, पण त्यांना दम नाही.

मग असे ठरले की हात मामाचे आणि कान आजोबांचे. आजोबांची बाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली टाकली, म्हणजे धूळ तिकडे जाऊ नये. आजोबा डोळे मिटून पडले. मामा ठोकू लागला.

टक् टक् टक्.

"लई उभी धरलीस. जरा तिरपी धर."

टक् टक्.

"आरं, टाकी बोथट झाली. बदल."

आजोबांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. मला वाटले झोपले. पण हात थोडा चुकला की लगेच आवाज यायचा. मी मामाला पाणी शिंपडून देत होते. मामा उन्हात घामाने भिजला. दोन्ही दगडांना टाकी लावायला पूर्ण दोन दिवस लागले.

मला समजलेली कृती अशी :

(१) जात्याचे दोन दगड वेगळे करावेत. खालचा बसून राहतो, वरचा फिरतो. दोघांच्या आतल्या तोंडाला टाकी लावायची.
(२) दगड धुवावा आणि ओला ठेवावा.
(३) टाकी तिरपी धरून हलके घाव घालावेत. सगळे टाके सारख्याच खोलीचे यावेत. एका वितीत मी ४३ टाके मोजले.
(४) मध्यभागी दोन दगडांत थोडी फट राहावी, म्हणजे दाणा आत शिरतो. कडेकडे फट कमी होत जावी, म्हणजे पीठ बारीक होते.
(५) जाते नीट धुवून वाळवावे. पहिल्या दोन-तीन वैरणींचे पीठ टाकून द्यावे, कारण त्यात दगडाची कच असते. ते जनावरांनाही घालू नये.

तिसऱ्या दिवशी आजीने ज्वारीची वैरण घातली. पहिले पीठ टाकून दिले. नंतरचे तिने आजोबांच्या तळहातावर ठेवले. आजोबांनी ते दोन बोटांनी चोळले आणि म्हणाले, "जमलं." मामा काही बोलला नाही. तो विहिरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

लग्नात हळद त्याच जात्यावर दळली.

७. वेरूळची लेणी

लग्नानंतर मामाने मला वेरूळला नेले. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. तिथे क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. १९८३ साली यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

१६ व्या क्रमांकाचे कैलास लेणे ८ व्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात झाले. ते सुमारे ३० मीटर उंच आहे. आपण घर बांधताना आधी पाया घेतो आणि शेवटी छप्पर घालतो. कैलास उलटे आहे. आधी कळस आणि शेवटी पाया, कारण ते बांधलेले नाही, डोंगरातून वरून खाली कोरत आणले आहे.

मामा म्हणाला, "मातीचं काम चुकलं तर परत माती लावता येते. दगडातून काढलेलं परत लावता येत नाही." म्हणजे त्या कारागिरांना घाव घालण्याआधी सगळे मनात दिसत असणार. त्यांची नावे तिथे लावलेली नाहीत. पण भिंतीवर काही ठिकाणी टाकीचे टाके अजून दिसतात. ते आमच्या जात्यावरच्या टाक्यांसारखेच आहेत.

८. करून पाहा

साबणाची जुनी वडी घ्या. चमच्याच्या दांड्याने तिचे छोटे देऊळ कोरा. सुरुवात वरून करा. खाली येईपर्यंत कळस मोडता कामा नये.

सांगा पाहू :
(अ) जात्याच्या मध्यभागी फट का ठेवतात?
(आ) भद्द वाजणारा दगड का घेऊ नये?
(इ) कैलास लेणे वरून खाली का कोरले?
(ई) तुमच्या घरी जाते, पाटा किंवा उखळ आहे का? ते कोणी घडवले? आजी-आजोबांना विचारून पुढच्या अंकासाठी लिहून आणा. ज्यांना माहीत आहे ते आता थोडेच राहिले आहेत, म्हणून लवकर विचारा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी