तेरा संघांचा खेळाडू

मुलांनो, पालघरहून बोईसरकडे जाताना कोळगाव लागते. रोज सकाळी या रस्त्याने अनेक माणसे तारापूरच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांतील काहीजण ठेकेदाराकडे असतात. एका कंपनीचे काम संपले की त्यांना दुसरी कंपनी शोधावी लागते. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा किंवा चाचाही असे काम करत असतील. आज आपण अशाच एका खेळाडूची ओळख करून घेऊ.

त्याचा खेळ बास्केटबॉल. हा खेळ आपल्याला परका नाही. मुंबईचा नागपाडा या खेळासाठी प्रसिद्ध आहे. तेथील गुलाम अब्बास मुंतसिर भारतीय संघाचे कर्णधार होते. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळात प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू मैदानात असतात. चेंडू पुढे नेऊन साथीदारांना देणे, हे मुख्यतः गार्डचे काम.

इश स्मिथ हा असाच गार्ड. त्याचा जन्म १९८८ साली अमेरिकेत झाला. त्याची उंची सहा फूट. आपल्याला ती पुष्कळ वाटते, पण या खेळात ती कमीच. वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संघातून तो चार वर्षे खेळला. २०१० साली एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेतील संघांनी साठ नवे खेळाडू निवडले. त्या यादीत इशचे नाव नव्हते.

तरीही ह्यूस्टनच्या संघाने त्याला संधी दिली. पण काही महिन्यांतच त्याला मेम्फिसच्या संघाकडे पाठवले. पुढे ऑरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स अशी गावे बदलत राहिली. कधी करार मध्येच संपला. डेट्रॉइटला मात्र तो तीन वर्षे टिकला. नव्या ठिकाणी नवे साथीदार, नवे प्रशिक्षक. कोणाला चेंडू कधी आणि कोठे हवा, हे गार्डला लवकर ओळखावे लागते. म्हणून गार्डला संघ बदलणे फार अवघड जाते. इश दर वेळी ते नव्याने शिकला.

२०२२ साली तो डेन्व्हरच्या संघात आला. हा त्याचा तेरावा संघ. एन.बी.ए.मध्ये तोपर्यंत इतक्या संघांतून कोणीही खेळले नव्हते. २०२३ साली डेन्व्हरने अजिंक्यपद जिंकले. त्या वर्षी इश बहुतेक वेळ बाकावरच बसून होता; पण विजेत्या संघात त्याचेही नाव होते.

कोणी म्हणेल, बारा संघांनी त्याला सोडले. मुलांनो, हिशेब उलटा करून पाहा. तेरा संघांनी त्याला घेतले!

अब्बा नव्या कंपनीतून थकून घरी आले, तर त्यांच्याजवळ बसा. आज तेथे नवे काय शिकलात, असे त्यांना विचारा.

स्वाध्याय
१. गार्डचे मुख्य काम कोणते?
२. गार्डला संघ बदलणे अवघड का जाते?
३. तुमच्या घरातील एखाद्या कामकरी व्यक्तीविषयी पाच वाक्ये लिहा.