अवेळी येणारी कडाक्याची थंडी व पिकांचे संरक्षण

नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तरेकडील कोरडे, थंड वारे वाहू लागले म्हणजे नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात व खानदेशात पारा झपाट्याने उतरतो. निफाड येथे डिसेंबर २०१८ मध्ये किमान तापमान २ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले होते. हंगामाच्या आरंभी आलेली थंडी विशेष घातक ठरते. कारण कोवळी रोपे व नवी फूट अद्याप थंडीस सरावलेली नसते.

आकाश निरभ्र व वारा स्तब्ध असेल, त्या रात्री जमिनीतील उष्णता वेगाने निघून जाते. थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते. तापमापक सुमारे चार फूट उंचीवर असतो. जमिनीलगतचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकते. म्हणून पारा ३-४ अंशांवर असतानाही पानांवरील दव गोठते.

पूर्वतयारी पुढीलप्रमाणे करावी :

१. थंडीचा इशारा मिळताच पिकास हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. विहिरीचे पाणी थंडीत हवेपेक्षा उबदार असते, हाही लाभ होतो. मात्र पाणी साचू देऊ नये.

२. रोपवाटिका सायंकाळी गवताच्या ताट्यांनी झाकाव्यात व सूर्योदयानंतर ताट्या काढाव्यात.

३. केळीच्या बागेभोवती शेवरीचे दाट कुंपण लागणीच्या वेळीच करावे. तापमान १० अंशांखाली गेल्यास केळीची वाढ खुंटते व घड नीट बाहेर पडत नाही.

४. किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते. म्हणून शेकोट्या पहाटे पेटवाव्यात. एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या श्रेयस्कर. मोठ्या जाळाची ऊब वर निघून जाते. उपयोग मुख्यतः उष्णतेचा होतो, धुराचा नव्हे. आग पिकास व गंजीस लागणार नाही, ही दक्षता घ्यावी.

थंडीने पाने करपल्यास लगेच छाटणी करू नये. जिवंत व मृत भाग स्पष्ट होईपर्यंत थांबावे. अन्यथा फुटू शकणारे डोळेही छाटले जातात. द्राक्षबागेत भुरी रोगावर लक्ष ठेवावे.

थंडी टाळता येत नाही. परंतु इशारा मिळाल्यानंतरची एक सायंकाळ वाया न घालविल्यास वर्षभराचे श्रम बहुतांशी वाचविता येतात.