सीमेवरचं शुल्क आणि आपल्या बागेचा भाव

मैत्रिणींनो, पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, आठवतं ना? माल आत न्यायचा तर आधी जकात भरा. देशाच्या सीमेवरही तसाच कर असतो. त्याला आयात शुल्क म्हणतात. तुम्ही म्हणाल, आपण तर बाग व्यापाऱ्याला देतो, सीमेशी आपला काय संबंध? संत्र्याचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

विदर्भातल्या नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. तिथे या फळावर किलोप्रमाणे शुल्क लागतं. 2019 ते 2023 या काळात ते वाढत वाढत चौपटीच्या वर गेलं आणि आपली निर्यात खूप घटली.

हिशेब करून पाहू

समजा, सीमेपर्यंत संत्रं 40 रुपये किलो पडलं. शुल्क 20 रुपये असेल तर ते 60 ला पडेल. शुल्क 80 झालं तर 120 ला! तिथलं गिऱ्हाईक एवढे पैसे देत नाही. मग व्यापारी आपल्याकडे भाव पाडून मागतो, नाहीतर खरेदीच थांबवतो. म्हणजे शुल्क भरतो आयात करणारा, पण त्याचा भार बागेपर्यंत येतो.

किलोप्रमाणे शुल्क असलं की स्वस्त फळाला जास्त मार बसतो. 100 रुपयांच्या फळावर 80 लागले तर किंमत दुपटीच्या आत राहते. 40 च्या फळावर तेच 80 लागले तर ती तिप्पट होते.

ज्यांचा माल परदेशी जात नाही, त्यांचं काय?

त्यांनाही झळ लागते. सोयाबीन भाव येईपर्यंत घरात ठेवता येतं, पण पिकलेलं संत्रं थांबत नाही. बाहेर न गेलेला माल इथल्याच बाजारात येतो. आवक वाढते आणि सगळ्यांचाच भाव पडतो.

आपला देशही शुल्क लावतो

परदेशी सफरचंदावर आपल्याकडे 50 टक्के शुल्क होतं. त्यामुळे काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांना आधार मिळतो. 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क वाढवलं. त्याला उत्तर म्हणून 2019 मध्ये भारताने अमेरिकन सफरचंदावर आणखी 20 टक्के लावले. ते 2023 मध्ये काढले. भांडण पोलादाचं, पण फटका बसला तिकडच्या सफरचंदवाल्यांना!

मग आपण काय करायचं?

शुल्क ठरवणं आपल्या हातात नाही, पण सौदा करणं आपल्या हातात आहे.

- सौद्याआधी विचारा: माल कुठे जाणार? तिथलं शुल्क यंदा बदललं का?
- एकाच बाजारावर विसंबू नका. दोन-तीन ठिकाणचे भाव काढा.
- विसार किती, तोड कधी, बाकी पैसे कधी, हे कागदावर लिहून घ्या. भाव पडला की तोंडी शब्द मोडायला वेळ लागत नाही.
- मोठं आणि बारीक फळ वेगळं करून गटाने एकत्र विका.

बैठकीत चर्चा करा: आपल्या गावातलं कोणतं फळ बाहेर जातं? उद्या ते गिऱ्हाईक थांबलं, तर आपल्याकडे दुसरा रस्ता कोणता?