पोकर शिकू पाहणाऱ्या पुतण्यास

चि. सौरभ,


पोकरचे नियम दोन दिवसांत येतील. तीन पत्ती येणाऱ्याला तर निम्मे ओळखीचेच वाटतात. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकली पानं, मग टेबलावर सगळ्यांची मिळून आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतली उत्तम पाच धरायची आणि प्रत्येक टप्प्यावर बोली लावायची. अवघड आहे ते वेगळंच: जिंकलेला डाव म्हणजे बरोबर खेळलेला डाव, असं न समजणं. समज, तुझ्या हातात बदामचा एक्का आणि नव्वी आहे. टेबलावर बदामची राणी, बदामची चौकी, इस्पिकची सत्ती. न दिसलेल्या ४७ पानांत बदाम ९. पुढचं पान बदाम निघालं तर डाव जवळपास तुझाच. बदाम न येण्याची शक्यता सव्वाचारास एक. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ४०० चिप्स असताना समोरच्याने १०० टाकल्या, तर तुला १०० घालून ५०० मिळू शकतात, म्हणजे पाचास एक. सव्वाचारापेक्षा जास्त, तेव्हा खेळ. पॉटमध्ये २०० असताना त्याने २०० टाकल्या तर मात्र दोनास एकच, पॅक कर, म्हणजे डाव सोड. (पुढच्या बोलीचा हिशेब तूर्त बाजूला.) आता बघ, पहिल्या प्रसंगी पाचांपैकी चार वेळा बदाम येणार नाही, तरी तू बरोबरच खेळलेला असशील. दुसऱ्या प्रसंगी हट्टाने राहिलास आणि बदाम आलाच, तर चिप्सबरोबर एक वाईट खोडही पदरात पडेल.

मग सगळा नशिबाचाच खेळ, असं म्हणशील. तसं नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना स्पष्ट हरवलं. कौशल्य नसतं तर ते जमलं नसतं. पण त्यासाठी १,२०,००० डाव खेळवावे लागले, आणि तेही एका टेबलावर माणसाला आलेली पानं दुसऱ्या टेबलावर प्रोग्रॅमला देऊन, म्हणजे नशिबाचा वाटा कमी व्हावा. मित्रांच्या बैठकीतले पन्नास डाव त्यापुढे काय सांगणार? २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हौशी हिशेबनीस ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला, आणि त्या मुख्य स्पर्धेतले ८३९ खेळाडू पुढच्या वर्षी २,५७६ झाले. एका माणसाच्या एका स्पर्धेवरून एवढ्या लोकांनी काय काय ताडलं असेल!

‘दीर्घकाळात कौशल्यच जिंकतं, मग मी पैसे लावून का खेळू नये?’ हा तुझा पुढचा प्रश्न. कारण कॅसिनो पॉटमधून किंवा टेबलावरच्या वेळेमागे आपला वाटा कापून घेतो. तेव्हा समोरच्यापेक्षा थोडं सरस असून भागत नाही, तो वाटा भरून निघेल इतकं सरस असावं लागतं. शिवाय तो दीर्घकाळ येईपर्यंत खिसा टिकायला हवा, आणि शिकाऊ माणसाचा बहुधा टिकत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच घातली आहे. तेव्हा नुसत्या चिप्सवर खेळ. जवळ वही ठेव. पॉट किती, घालायचे किती, शक्यता किती आणि तू काय ठरवलंस, एवढं पुढचं पान उघडण्याआधी लिही. डाव कोणी जिंकला याचा रकाना आखू नकोस.

तुझा,
काका