दुरुस्त चित्रफीत आणि तिच्या वापराचा हक्क

एखाद्या घटनेची चित्रफीत हाती असणे ही एक गोष्ट आणि ती वापरण्याचा अधिकार असणे ही दुसरी गोष्ट होय. नक्कल करणे सोपे झाल्यापासून या दोहोंतील फरक विसरला जाऊ लागला आहे. शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांना आता चित्रफितींचा वापर नित्य करावा लागतो. यास्तव अमेरिकेतील २०१४ सालचे एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

अग्निबाण बुडाला, चित्रे उरली

१८ एप्रिल २०१४ रोजी फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल येथून स्पेसएक्स या खासगी कंपनीचा फाल्कन ९ अग्निबाण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी सामग्री घेऊन निघाला. काम संपताच पहिला टप्पा समुद्रात पडून नष्ट व्हावा, ही बहुतेक अग्निबाणांची रीत होती. या खेपेस मात्र त्या टप्प्याला चार पाय बसविण्यात आले होते. इंजिन पुन्हा पेटवून तो अटलांटिक महासागराच्या पृष्ठभागावर उभाच, हळुवारपणे टेकला. तथापि सागर खवळलेला होता. लाटांच्या माऱ्याने तो टप्पा मोडला आणि परत मिळू शकला नाही.

त्यावरील कॅमेऱ्याने पाठविलेली चित्रे तेवढी उरली. परंतु रेडिओ संदेशात व्यत्यय आल्याने त्यांत विस्कटलेल्या चौकोनांपलीकडे फारसे काही दिसत नव्हते. कंपनीने स्वतः प्रयत्न करून पाहिले आणि एप्रिलअखेर मूळ सामग्री जाहीर करून जनतेस मदतीचे आवाहन केले. हौशी अभ्यासकांनी ते काम अंगावर घेतले.

दुरुस्तीचे तंत्र

अशी चित्रफीत १८८ बाइटांच्या लहान लहान पुडक्यांतून पाठविली जाते. प्रत्येक पुडक्याचा आरंभ एका ठराविक खुणेने होतो. खूण बिघडली की संगणकास पुडके कोठे सुरू झाले हेच उमगत नाही. म्हणून प्रथम या खुणा जागेवर आणण्यात आल्या. दुसरी अडचण अधिक अवघड होती. जागा वाचविण्यासाठी काही चौकटींतच संपूर्ण चित्र साठविलेले असते. मधल्या चौकटींत केवळ आधीच्या चित्रापासून झालेला बदल नोंदलेला असतो. त्यामुळे एका चौकटीतील चूक पुढील चौकटींत पसरत जाते. अभ्यासकांनी चित्राचे लहान चौकोन एकेक करून तपासले व चुकलेले अंक हाताने सुधारले. सुमारे महिनाभरात खाली उघडणारे पाय आणि जवळ येणारे पाणी ओळखता येईल इतके चित्र स्पष्ट झाले.

हक्क कोणाचा?

श्रम अनेकांचे होते. मग मालकी कोणाची? दुरुस्तीचे आवाहन म्हणजे त्या कामापुरती दिलेली मुभा होय. तेवढ्याने चित्रफीत विकण्याचा किंवा दुसऱ्यास परवाना देण्याचा अधिकार मिळत नाही. दुरुस्त करणाऱ्याने ‘ही सर्वांसाठी खुली’ असे स्वतःच जाहीर करणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ठरेल. परवाना मूळ हक्कधारकानेच द्यावा लागतो. स्पेसएक्सने मार्च २०१५ मध्ये आपली अनेक छायाचित्रे क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केली, तेव्हा अशी स्पष्टता आली. पण ती त्या छायाचित्रांपुरतीच होती.

येथे आणखी एक गैरसमज होतो. अमेरिकेच्या संघ शासनाने स्वतः निर्माण केलेल्या कृतींना त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. म्हणून नासासाठी झालेल्या उड्डाणाची चित्रेही खुली असतील, असे मानले जाते. प्रत्यक्षात ही चित्रे कंपनीची होती. भारतात तर शासकीय कृतींनाही स्वामित्वहक्क असून तो प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो.

भारतीय कायद्याची दृष्टी

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट अधिनियम लागू आहे. केवळ श्रम केल्याने नवा हक्क निर्माण होत नाही. त्यात कौशल्य व निर्णयबुद्धीचा काही अंश दिसला पाहिजे, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी प्रकरणात २००७ मध्ये मांडले. ते प्रकरण न्यायनिर्णयांच्या संपादनाचे होते. परंतु मूळ चित्र जसेच्या तसे परत आणणाऱ्या दुरुस्तीचा विचार करतानाही ते मार्गदर्शक ठरते. परवाना लेखी असावा, असे कलम ३० सांगते. शिक्षकांना व विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या ओघात कृतीची नक्कल करण्याची सवलत कलम ५२ देते. मात्र वर्गात दाखविलेली चित्रफीत पुढे सर्वांसाठी प्रसारित करण्यास ती सवलत पुरेशी नाही.

व्यवहारात काय करावे?

गावातील जुन्या सोहळ्याची, जलसंधारणाच्या कामाची वा शाळेच्या कार्यक्रमाची चित्रफीत दुरुस्त करून घेताना पाच गोष्टी पाळाव्यात. मूळ प्रत जशीच्या तशी जपावी व दुरुस्ती नकलेवरच करावी. कोणता बदल केला याची नोंद ठेवावी. तर्काने भरलेला भाग तसा नमूद करावा. हक्कधारकाची लेखी अनुमती घेऊन तीत दुरुस्ती, प्रदर्शन, प्रसारण व विक्री यांचा स्वतंत्र उल्लेख करावा. चित्रण करणारा आणि दुरुस्त करणारा या दोघांचेही श्रेय द्यावे.

२१ डिसेंबर २०१५ रोजी फाल्कन ९ चा पहिला टप्पा केप कॅनाव्हेरल येथे जमिनीवर सुखरूप उतरला. त्या यशामागील प्रयत्नांचा एक दुवा लोकांच्या चिकाटीमुळे डोळ्यांना पाहता येतो. असे दुवे आपल्या गावोगावीही आहेत. ते जपण्यास तंत्राइतकीच हक्कांची जाण हवी.