अस्तर नवं, दाह जुनाच

प्रश्न : माझ्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, असं वाचलं. आता शौचावाटे रक्तही जात नाही. मग गोळ्या बंद करून नुसतं पथ्य पाळलं तर चालेल का?
– एक आई, मीरा रोड

उत्तर : ताई, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. अस्तराच्या खोलगट खाचांतल्या मूळपेशी सतत नव्या पेशी तयार करतात. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये या मूळपेशी नेमक्या ओळखल्या. पण दाह चालू ठेवते ती बिथरलेली रोगप्रतिकारशक्ती, आणि ती अस्तराबरोबर बदलत नाही. नव्या पेशीही त्याच सुजेत जन्माला येतात. रक्त थांबलं म्हणजे दाह शमला असं नव्हे. मेसालामाइनसारखी गोळी मनाने सोडली की दुखणं उलटण्याचा धोका वाढतो. तिखटाने त्रास वाढू शकतो, पण आजार तिखटामुळे झालेला नसतो. म्हणून पथ्य औषधाची जागा घेऊ शकत नाही. ‘मग जन्मभर गोळ्याच का?’ ही तुमची धास्ती रास्त आहे. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (दाहाची खूण असलेलं प्रथिन) तपासून, गरज पडल्यास दुर्बिणीने आतडं पाहून, डॉक्टर मात्रा ठरवतात, कधी कमीही करतात. अंगदुखीवर आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका. पुन्हा रक्त, ताप किंवा वजनात घट दिसली, तर वाट न पाहता त्याच्या डॉक्टरांना दाखवा. परळच्या केईएम रुग्णालयात पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे.